एका चुलीवर जेवणारे

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पोचले! खारेपाटणहून देवगड, तिथून मिठबावची एसटी, पुढे वाडीपर्यंत रिक्षा. वळणावर समुद्र दिसला तेव्हा मी एकटीच मोठ्याने "आला!" म्हणाले आणि कंडक्टर हसला.

खोली नर्मदाकाकींच्या परसातली. एक खाट, एक खिडकी, कोपऱ्यात गॅसची शेगडी. कौलांमध्ये एक काच बसवली आहे, तिच्यातून दुपारी उन्हाचा चौकोन बरोबर शेगडीपुढे पडतो. काकींना वाटलं होतं पुण्याची कुणी बाई येणार. खारेपाटणची आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मगे माझ्यावर शुद्ध मराठी कित्याक झाडतंस गो?" मी तांदूळ वाटीने मोजून घेतले तर म्हणाल्या, "तांदूळ घेतंस की सोना तोलतंस?"

आत्याने फोनवर विचारलं की मी इथे नेमकं करणार काय. तिला सांगितलं तेच इथे लिहिते. एका परदेशी संस्थेने या किनाऱ्यावरच्या घरांसाठी पोषणाचा कार्यक्रम चालवला. परसबागेची रोपं दिली, बायकांना कालवांची शेती शिकवली. त्याने घराघरांतल्या ताटात खरोखर काही बदललं का, ते आमचं पुण्याचं ऑफिस तपासणार. ऑफिस म्हणजे अक्षया मॅडम, आणि या वाडीपुरतं मी. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ज्या घरांत प्रश्न विचारले होते, त्याच घरांत तेच प्रश्न पुन्हा विचारायचे.

आत्या म्हणाली, नीट कर. दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही, तिनेच घरी शिकवलं. ज्याची गोष्ट आहे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहायचं नाही, हा तिचा धडा. या नोकरीत तो माझ्या फार कामाला येतो.

९ नोव्हेंबर

आज खाडीच्या तोंडाशी तुळसाकाकीचं घर झालं. अंगण इतकं स्वच्छ की चपला कुठे काढाव्यात कळेना. ती सुकी मासळी विकते. कार्यक्रमातून मिळालेला शेवगा दाराशी उभा आहे आणि तिने तो मला पाहुण्याची ओळख करून द्यावी तसा दाखवला.

पहिला प्रश्न नेहमी तोच: घरात कोण कोण? आमच्या कामात घर म्हणजे भिंती नव्हेत. एका चुलीवर जेवतात ते एक घर. तिने सांगितलं, ती आणि तिचा मुलगा निलेश. मागच्या वेळच्या माहितीतही तो होता. कुठे आहे विचारलं तर म्हणाली, दर्यावर गेलाय, जेवायला येतो.

जेवणाची वेळ झालीच होती. ज्यांना प्रश्न विचारतो त्यांच्याकडे जेवू नये असा आमचा नियम. तो तिला सांगितला, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या दारातसून उपाशी गेलंस तर तुझ्या त्या मडमेक मी तोंड कसा दाखवू?" बसावं लागलं. तिने केळीची दोन पानं मांडली, एक मला आणि एक माझ्या शेजारी निलेशला. त्याचं वाढलेलं पान दुसऱ्या पानाने झाकून ठेवलं. मी वाट बघत होते तर म्हणाली, थांबू नकोस, तो त्याच्या वेळेला येतो.

घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, असाही एक प्रश्न आहे. ती हसली. मीच की, आणि माझ्यासाठी काही उरत नाही हे त्या लबाडाला ठाऊक. अर्धी भाकरी मोडून आपल्या पानाखाली सरकवतो. मी पान उचलते तेव्हा सापडते मला.

मला हे इतकं आवडलं की वरणभाताला बसल्यावरही रात्री तेच आठवत होतं.

१० नोव्हेंबर

नर्मदाकाकींना निलेशबद्दल विचारलं. त्या पाणी शेंदायच्या थांबल्या. निलेशची होडी दोन वर्षांपूर्वी श्रावणात उलटली. बाकीचे पोहत आले. तो सापडलाच नाही.

इथे दर्यावरून परतला नाही त्याला मेला म्हणत नाहीत. देह किनाऱ्याला लागेपर्यंत त्याच्या घरी त्याचं पान वाढतात. त्याच्याबद्दल "नाही" हा शब्द घरचं माणूस तोंडातून काढत नाही. मी विचारलं, पण ते अन्न? त्या म्हणाल्या, तुळसाला विचार ना, तिला भाकरी सापडते. आणि पुन्हा दोर ओढू लागल्या.

मॅडमना फोन केला. शिजतं दोघांचं, जेवते एक, मग माणशी अन्नाचा हिशेबच चुकतो. त्यांनी दोन वाक्यांत सोडवलं: हयात माणसंच धरायची. शेजारणीने सांगितलंय ना, मग मृत अशी खूण कर आणि पुढच्या घरी जा.

मला करवली नाही. तुळसाकाकीने स्वतः "आहे" म्हटलंय. तिच्या पाठीमागे मी तिच्या मुलाला मेला कसं लिहू? उद्या जाऊन नीट विचारते.

११ नोव्हेंबर

विचारलं.

ती मासळी पाखडत होती. मी शक्य तितकं हळू बोलले. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, हेही सांगितलं. ती म्हणाली, आसा. म्हणजे आहे. मी म्हणाले, काकी, हयात आहे का, एवढंच. ती म्हणाली, तू जेवलंस ना त्याच्या बाजूला. मी पुन्हा विचारलं. कारण अर्धवट उत्तर म्हणजे तिच्यावरच अन्याय, असं मला खरोखर वाटलं.

तिने सूप खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाय. निलेश नाय आता."

मी आभार मानले. प्रश्न संपले की आभार मानायचे असतात.

निघताना ती जेवायला वाढत होती. आपलं पान मांडलं, दुसरं हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि गुंडाळून चुलीत घातलं. हिरवं पान जळत नाही, नुसतं धुमसतं.

१२ नोव्हेंबर

दुपारी दोन भाकऱ्या केल्या. ताटात घेतल्या, पाणी आणायला उठले, परत आले तर दीडच. मांजर असेल.

ताट धुवायला उचललं तर खाली अर्धी भाकरी. सरळ मोडलेली. गरम.

मीच ठेवली असेन. कामाच्या विचारात मी काहीही करते.

१४ नोव्हेंबर

कालही. आजही. आज मी जागेवरून उठलेच नाही. ताटाकडे बघत जेवले. भाकरी कमी होताना दिसली नाही, पण झाली. घास तोंडात आला की आधीच कुणीतरी जेवून उठल्यासारखा रिकामा लागतो.

आणि तो उन्हाचा चौकोन. दुपारी शेगडीपुढे पडतो, त्याचा एक कोपरा काळा होता. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा. वर काचेवर काहीच नव्हतं. बाहेर जाऊन पाहून आले.

१६ नोव्हेंबर

अर्धी भाकरी रुमालात बांधून तुळसाकाकीकडे गेले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. तिने रुमाल सोडला, भाकरीची मोडलेली कड बोटाने चाचपली.

"तो तुझ्याकडे जेवता?"

मी मान हलवली. ती म्हणाली, तू त्याच्या बाजूला जेवलीस, म्हणून तुला ओळखतो. दुसरीकडे कुठे जाईल. मग भाकरी कोरडीच खाल्ली, चुरा सांडला तेही टिपून. पान जाळलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने रोज त्याचं पान पुन्हा मांडलं होतं, मोठ्याने "आसा, आसा" म्हटलं होतं. अन्न तसंच राहतं. पानाखाली काही नसतं.

मी रडायला लागले. तर मलाच म्हणाली, "रडतंस कित्याक? तेका वरणात गूळ घाल. तुझा वरण आंबाट आसतला."

१९ नोव्हेंबर

तिला आज माझ्याकडे जेवायला आणलं. तिघांचं केलं. ती चौकोनाकडे तोंड करून बसली आणि लहान मुलाला बोलवावं तसं बोलवत राहिली. कालवणाचं नाव घेऊन, त्याच्या कुत्र्याचं नाव घेऊन. ऊन स्वच्छ होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

तो आला नाही. ती म्हणाली, माझ्याच तोंडाने मी त्याला घराबाहेर काढलं, आता माझ्यासमोर कसा बसेल?

ती गेली. ऊन लगेच काळं झालं.

२५ नोव्हेंबर

रोज दुपारी जेवते आणि अर्धी भाकरी घेऊन खाडीपर्यंत चालत जाते. ती दारात उभी असते. विचारते, पोटभर जेवला ना. मी हो म्हणते. ते खोटं नसावं.

मॅडमना कळवलं की त्या घरातलं उत्तर मला बदलायचं आहे. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, श्रिया, तू थकलीस, काम छान झालंय, घरी जा.

कशी जाऊ. मी चूल बंद केली तर —

तुळसाकाकी खूप वाळली आहे. त्या अर्ध्या भाकरीशिवाय काही खात नाही असं नर्मदाकाकी म्हणतात.

१ डिसेंबर

तिला ताप आहे. दवाखान्यात नेलं. भाकरी तिथे नेली. तिला गिळवेना. मुठीत धरून ठेवली.

३ डिसेंबर

तुळसाकाकी गेली. पहाटे.

दहन झालं, सगळं रीतीने झालं. तिचा देह होता. ती कुणाच्या चुलीवर येणार नाही. काकी म्हणाल्या, सुटली बिचारी.

आणि तो? — त्या दोघांना एका पंगतीला बसायची एकच जागा होती. ती मी —

तिच्या दाराला नुसती कडी लावून सगळे परतले.

४ डिसेंबर

भाकरी ताटाखाली. न्यायला कुणी नाही. खिडकीत ठेवली.

५ डिसेंबर

खिडकीत दोन.

आज ऊन उशिरापर्यंत काळं राहिलं. जेवण झाल्यावरही. तो बघतोय. त्या दोन भाकऱ्यांकडे —

६ डिसेंबर

तो बोलला. आवाज नव्हे — घास गिळताना कानात येतं तसं. "आवस जेवली?" आईबद्दल विचारतोय.

मी ताट तसंच टाकून बाहेर गेले. काकींच्या ओट्यावर दिवेलागणीपर्यंत बसले. परत येऊन तिसरी अर्धी खिडकीत ठेवली.

खरं सांगायला हवं. त्याची गोष्ट आहे, त्याला कळायला हवं. पण "नाही" म्हटल्याने काय होतं ते मी — त्याच्याजवळ आता तेवढंच उरलंय. अर्धी भाकरी ठेवायला कुणीतरी आहे, एवढंच.

७ डिसेंबर

बसलाय. समोर. वही मांडीवर घेऊन लिहितेय.

पुन्हा विचारलं. आवस खंय, कुठे आहे. आवस आसा मां?

लिहिताना मी आजवर एकही खोटं — आत्या, मला माफ कर.

सांगितलं. मोठ्याने सांगितलं. आसा. घराक आसा. तुझी वाट बघता.

ऊन हललं.

तो उठला. जेवण अर्धं टाकून — भाकरी घेतली खिडकीतली, तिन्ही — तिन्ही गेल्या — दारातलं ऊन काळं झालं, आता अंगणात, आता माडांच्या —

तो घरी निघालाय. हे माझ्या लक्षातच — तिथे कुणी नाही. चूल विझलेली आहे. पान नाही मांडलेलं. तो दारात उभा राहील आणि —

वाळूतल्या वाटेने मी त्याच्या आधी पोचेन. धावले तर. काड्यापेटी. पीठ. चूल पेटलेली असली पाहिजे, कुणीतरी चुलीशी पाठमोरं बसलेलं असलं पाहिजे, मी तुळसाकाकीचं लुगडं नेसून —