एका पानावरची दोन उत्तरं

ता. ४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या यकृताने राजीनामा दिलाय, हे तुला ठाऊक आहेच. आता त्याच्याकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. डॉक्टरांनी लिहून दिलं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन रोज पोटात घ्या. आणि त्याच कागदावर वरच्या ओळीत लिहिलंय, रक्त गोठायला फार वेळ लागतो! म्हणजे आधीच पातळ असलेलं आणखी पातळ करायचं. धन्य!

चाळीस वर्षं पेपर तपासले. सवयीने लाल पेनने इंजेक्शनची ओळ खोडली. तुझ्या वहिनीला वाटलं, डॉक्टरांनीच बंद केलं. तिची समजूत दुरुस्त करायची मीही घाई केली नाही. आठ दिवस झाले. पोटावर सुईचा नवा निळा डाग नाही, मजेत आहे. वहिनीला बोलू नकोस.

लोभ असावा, उपदेश नसावा.
तुझा दादा

ता. ९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी हुशारी वाचून ऊर भरून आला. लगेच वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. आता तू आणि ती.

मी वीस वर्षं रक्तच तपासतेय, तेव्हा ऐक. यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं बनवतं, तशी न गोठू देणारीही बनवतं. तुझ्याकडे दोन्हींचा दुष्काळ. म्हणून तुझं रक्त वाहूही शकतं आणि शिरेत गोठूही शकतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, मास्तर! अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा आधी दुर्बिणीतून बांधल्या, त्या रक्तस्राव होऊ नये म्हणूनच. डॉक्टर अगदीच बिनडोक नाहीत.

गुठळी वाढून शीर पुरती बंद झाली, तर नवं यकृत जोडायचं कशाला, भिंतीला? आणि ते यकृत म्हणजे माझ्याच यकृताचा तुकडा आहे. सगळ्या तपासण्या जुळल्या, रजाही मंजूर झाली. तुला सांगणार नव्हते, नाटकं केली असतीस.

रागावलास तरी माया पातळ करू नये.
तुझी धाकटी

ता. १५ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

वहिनी रोज इंजेक्शन देते, बोलत मात्र नाही. सुई आवश्यकतेपेक्षा जोरात टोचते, असा माझा संशय आहे.

काल सोनोग्राफी झाली. गुठळी थोडी वाढलीय, शीर अजून उघडी आहे. महिनाभर नीट औषध घेतलं तर ऑपरेशन करू, म्हणाले. नाही जमलं तर तुझ्या पोटावरची चीर तरी वाचेल, मला तेवढंच समाधान, असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं. खोटं होतं, फाडून टाकलं.

मला जगायचंय गं. फार भीती वाटते. तू ये.

दादा