सहा बरण्यांची फळी

पिट्सबर्ग, १२ फेब्रुवारी २०२५

ती. सुगंधाआत्यास,
जान्हवीचा सा. न. वि. वि.

बाबांच्या शिरस्त्याप्रमाणे तुला कागदावरच लिहितेय. फोनवर आपलं बोलणं रडण्यापुढे सरकत नाही.

त्यांची कॉलेजातली खोली आवरतेय. भिंतीवर विद्यार्थ्यांनी केलेले लाकडी पूल आहेत, सगळे मोडलेले, प्रत्येकाखाली नाव आणि तारीख. पूल मोडला की बाबा त्या पोराला घरी आणून आधी पिठलंभात वाढायचे, मग का मोडला ते त्याच्याकडूनच वदवून घ्यायचे. चाळीस वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी ना कुणी रडवेलं बसलेलं असायचंच.

सगळ्यात वर एक काळपट, दुभंगलेली फळी आहे. तिच्याखाली बाबांचंच नाव, मे १९७४. ती कसली, कुणालाच ठाऊक नाही. बावीस मार्चला त्यांच्या आठवणींची सभा आहे. दोनशे विद्यार्थी येणार आणि मला बोलायचंय. त्यांना माझे बाबा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील, याचीच भीती वाटते. फक्त आपल्या घरातलं असं काही सांग ना.

गुडघे सांभाळ. बाबांवरची माया आता माझ्याकडे वळव.

तुझी,
जान्हवी

बोरीवली, २६ फेब्रुवारी २०२५

चि. जान्हवीस,
सुगंधाआत्याचे अनेक आशीर्वाद.

ती फळी मला वाटलं चुलीत गेली! मेल्याने अमेरिकेला नेली होती तर.

तेव्हा आम्ही कुर्ल्याला एका खोलीत राहायचो. तुझे आजोबा, सीताराम परब, गिरणीत होते. दादा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आईच्या लोणच्याच्या बरण्यांसाठी त्याने आकडेमोड करून फळी ठोकली आणि बजावलं, सहाच ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी सगळं खाली. तुझे आजोबा एवढंच म्हणाले, "मोडली ती मोडली. आदी जेव, मगे सांग कित्याक मोडली ती." पण दादा म्हणाला, मला साधी फळी जमत नाही, शिक्षण सोडतो, गिरणीत बदली कामगार म्हणून लागतो. दोन दिवस त्याची समजूत काढावी लागली.

आता खरं सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. सातवी बरणी मी ठेवली होती. मोरांब्याची. दादा एका बैठकीत संपवायचा, म्हणून त्याच्याच फळीवर, मागे लपवली. पडल्यावर खापऱ्या सगळ्यांच्या आधी मीच गोळा केल्या आणि तोंड शिवून बसले. बारा वर्षांची होते, पण कळत होतं. तो गेला तरी माझ्या तोंडून निघालं नाही. सभेत सांगायचं तर सांग. निदान त्याचं गणित चुकलं नव्हतं, हे लोकांना कळू दे.

जेवत जा वेळेवर. रागावली नसलीस तर लिही.

आत्या

पिट्सबर्ग, २५ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि धावत जाऊन फळी उतरवली. मागे बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर आहे: "झाकणं सात. सुगंधाला कोणी बोलू नये. चूक माझी. सातवी हिशेबात धरायला हवी होती."

सभेत तुझं पत्र मी जसंच्या तसं इंग्रजीत वाचलं. सातव्या बरणीपाशी आले आणि अख्खं सभागृह हसायला लागलं, काही जण उठून उभे राहिले. मला कळेना. मग क्षमाने सांगितलं. बाबांची विद्यार्थिनी, आता पूल बांधते. प्रत्येकाच्या आराखड्यावर बाबा विचारायचे, "आणि सातवी?" म्हणजे सांगूनही न ऐकणारं माणूस धरलंस का? बिचाऱ्यांना तो पुस्तकातला नियम वाटायचा. मी त्यांना बाबांबद्दल नवीन काही सांगू शकले, आत्या. खूप छान वाटलं.

फळी कॉलेजातल्या भिंतीवरच राहील. नावाखाली आता तुझंही नाव आहे. रागावू नकोस, आणि माझ्यावर जीव असू दे.

जान्हवी

बोरीवली, ९ एप्रिल २०२५

चि. जान्हवीस,
अनेक आशीर्वाद.

खापऱ्या उचलल्या, पण झाकणं कोण मोजणार! तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारची गार्गी बघायला आली. मग रडलेही, पोटभर.

एक आठवलं. दादा दर मे महिन्यात यायचा, निघताना मी त्याला मोरांब्याच्या सहा बरण्या बांधून द्यायचे. दर खेपेला म्हणायचा, आणखी एक दे गं. मला वाटायचं, अधाशी आहे.

बाजारात कैऱ्या आल्यात. मेमध्ये ये. सात भरून ठेवते.

तुझी वाट पाहणारी,
आत्या