आईसमोर झाकण उचल

लुरलीनताई,

तुला नमस्कार, आईच्या गालाला पापा.

ओरेगॉनात माझं बरं चाललंय. इथं कुंपणाकुंपणावर ब्लॅकबेरी लगडल्यात आणि कुणी तोडत नाही, वेडे लेकाचे. असो.

बाबांना पुरल्यापासून आई खात नाही, बोलत नाही, हे तुझ्या पत्रात वाचून मला जेवण जाईना. तू एक कर. ब्लॅकबेरी साखरेत उकळ, त्यात मैद्याचे मऊ गोळे सोड, झाकण लाव. आईला चुलीजवळ बसव आणि वाफ धरायच्या आतच झाकण उचल. गोळे गिच्च झाले तर होऊ देत.

बाबांनी असं झाकण उचललं की “हात तोडीन, मेल्या!” म्हणत ती डाव घेऊन धावायची. तुझ्यावर ओरडली, तर पातेलं तिच्याच हाती दे.

नाही ओरडली, तर लगेच कळव. मी निघतो.

तुझा एमेट