ओढ्यातून न्यायचे नाही

मी, राहीबाई आप्पासो जगदाळे, वय ७४, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार खोडदवाडी, पोस्ट उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गावात काहींचे मत वेगळे आहे, कारण मी दर ग्रामसभेला जाते.

१. राहते घर माझा मुलगा वीरधवल यास द्यावे. तो स्वभावाने चांगला आहे. भित्रा आहे, पण त्याने घराचे काही बिघडत नाही.

२. सोन्याच्या पाटल्या मुलगी रेश्मा, राहणार माधवनगर, हिला द्याव्यात. मोडून जावयाला गाडी घेऊ नये. त्यांना एक आहे.

३. लाल प्लॅस्टिकची खुर्ची सून दीपमाला हिला. पंचायतीत खुर्च्या मोजक्या, बायका दाराशी उभ्या. म्हणून मी घरून खुर्ची नेत असे. दीपमाला एकदाच माझ्याबरोबर आली आणि अंगणवाडीच्या नळाला पाणी कधी येणार, असे तिने उभ्याने विचारले. पुढच्या महिन्यात पाणी आले. ही खुर्ची घरात ठेवण्यासाठी दिलेली नाही.

४. आता पाणंदीचे. गावातून स्मशानात जाणारी पाणंद नकाशात बैलगाडी जाईल एवढी रुंद आहे. प्रत्यक्षात तिच्यात माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा उदयसिंह याचा ऊस आहे. दर लागणीला तो एखादी सरी पुढे सरकला आणि शेवटी पाणंदच संपली. तेव्हापासून मयत ओढ्यातून न्यावे लागते.

आमचे मालक फौजेत सुभेदार होते. ते भर श्रावणात गेले. ओढ्याला पाणी होते. पुढच्या खांदेकऱ्याचा पाय घसरला आणि तिरडी पाण्यात गेली. सरहद्दीवरून धडधाकट परत आलेला माणूस स्वतःच्या गावात ओढ्यात पडला, आणि मी काठावर उभी होते. मला रडू आले नाही, राग आला. तो अजून आहे. तो कोणाच्याही नावे करीत नाही, बरोबर नेते.

पाणंद मोकळी करावी असा मी ग्रामसभेला अर्ज दिला. काकी बरोबर बोलतात, असे सगळे गाव म्हणाले आणि सभेला कोणी आले नाही. आमच्याकडची रीत अशी आहे. सभेच्या कोरमला शंभर माणसे लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अट नाही. म्हणून पहिल्या सभेला जायचे नाही, हे लेकराबाळांनासुद्धा पाठ आहे. दुसऱ्या सभेला उदयसिंह आणि त्याचे चार दोस्त येतात, माझा विषय पुढे ढकलतात आणि चहा पितात. मग सभा दांडगी दिसावी म्हणून शिपाई हजेरीचे रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो. लोक जेवता जेवता डाव्या हाताने सह्या करतात. वर काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही.

वीरधवलला म्हटले, "तू तरी चल."

"आये, ऊसतोडीची टोळी उदयदादाच्या हातात हाय. आपल्या उसाला तुरं आलं तरी तोड मिळायची न्हाई."

मग उदयसिंहालाच विचारले. तो म्हणाला, "काकी, गाव लय तुमच्या बाजूनं हाय. पर सभेला येत न्हाई, त्याला मी काय करू?"

यात त्याचे काही खोटे नव्हते.

५. सबब माझ्या मयताबाबत पुढीलप्रमाणे करावे. मला ओढ्यातून न्यायचे नाही. पाणंदीच्या तोंडाशी, उसाच्या कडेला तिरडी खाली ठेवावी. आमच्या गावात मयताला कोणी घरी बसत नाही. उंब्रजच्या बाजाराला गेलेली माणसेसुद्धा अर्ध्या वाटेतून परत फिरतात. शंभरावर माणूस जमेल, सरपंच असतील, ग्रामसेवकही असतील. तिथेच सभा घ्यावी. नियमाने नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते. मला तारीख ठाऊक नसल्याने हे मृत्युपत्र हीच नोटीस समजावी. दीपमालाने खुर्ची आणावी. हात वर करून ठराव झाल्याशिवाय मला उचलू नये. लोकांना उभे राहायचे आहे, म्हणून शक्यतो उन्हाळ्यात जाणार नाही.

६. माळ्यावरचा कोयता वीरधवलला. मी त्याला धार लावून ठेवली आहे. ठराव झाल्यावर पाणंदीतला पहिला ऊस त्याने तोडावा. टोळीची वाट पाहू नये. बाळा, मी तिथेच असेन, भिऊ नकोस.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले. म्हणून ज्यांना या कागदातून काहीच मिळत नाही, अशी दोन माणसे बोलावली.

ठिकाण: खोडदवाडी
दिनांक: ११ जानेवारी २०२५

राहीबाई आप्पासो जगदाळे (सही)

साक्षीदार:

१. मंगल तानाजी कांबळे, अंगणवाडी मदतनीस (सही). हिने सर्व वाचले, डोळे पुसले आणि सही केली.

२. उदयसिंह बाळासो जगदाळे (सही). याला "वाचून घे, बाबा" असे दोनदा सांगितले. तो म्हणाला, "घरचाच कागद, काकी. त्यात वाचायचं काय? सही कुठं करू, तेवढं दावा."