कट्टा, थंडावा-१

४ मे
मालवणला जाऊन कॉस्मेचं काम घेतलं. शाळेपासूनचा मित्र; त्याची मासळीची कोल्ड रूम आहे. आत तापमान वाढलं की दोघांच्या मोबाइलवर अलार्म. अठराला त्याच्या मुलीचं, ॲश्लिनचं लग्न, जेवणाची सगळी सुरमई तिथेच राहणार. दोन दिवसांचं काम. एका दिवसात संपवतो.

७ मे
अलार्मच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर काय काय जोडलंय हे ऑपरेटिंग सिस्टीमला आपण एका फाइलमध्ये लिहून सांगायचं. आधी कंपनीचं नाव, स्वल्पविराम, मग मॉडेल. ही ओळख वाचून ती ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारा प्रोग्रॅम, शोधते. तापमानाच्या सेन्सरपुढे कंपनीचं नाव लिहिलं आणि अडलो. त्याची वायर मी कापून, जोड देऊन लांब केली आहे. आता त्याला कंपनीचा म्हणणं प्रामाणिक आहे का?

८ मे
नाही. नवी ओळख लिहिली: कट्टा, थंडावा-१. कट्टा हे माझं गाव. बरं वाटलं.

९ मे
सिस्टीमला सेन्सर दिसत नाही. साहजिक आहे, या नावाचा ड्रायव्हर जगात नाही. तो मी लिहीन.
शर्मिष्ठाने विचारलं, जुनंच नाव घातलं तर चालेल ना? चालेल, म्हणालो, पण चालणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. बायको विज्ञान शिकवते, तरी तिला पटलं नाही.

१३ मे
ड्रायव्हरची पहिली ओळ झाली. कॉपीराइटची. माझं एकट्याचं नाव घालावं की कॉस्मेचंही? खोली त्याची आहे.

१५ मे, सकाळी
बोर्ड बसवला. कॉस्मे म्हणाला, "झाला मां रे?" बोर्ड बसलाय, दिवा हिरवा आहे, असं सांगितलं. प्रत्येक शब्द खरा. "मगे आता माका रात्री उठान बघूक नको," तो म्हणाला. मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

१७ मे
रात्री वीज गेली, आली. कॉम्प्रेसर परत सुरू झाला नाही. सकाळी तेरेझाने, कॉस्मेच्या बायकोने, दार उघडलं आणि तसंच लावलं. सगळी सुरमई गेली.
अलार्म बिघडला असं मात्र म्हणता येणार नाही. सिस्टीमच्या लेखी तिथे सेन्सर नव्हताच.
तेरेझा म्हणाली, "तू इंजिनीर मां रे? मगे लग्नात लोकांका काय तुझो हिरवो दिवो वाढू?" कॉस्मे कोंबड्यांसाठी फोन लावत होता.
संध्याकाळी कंपनीचं नाव परत टाकलं. सेन्सर लगेच सापडला. अर्थात तात्पुरतं. अलार्म उद्या दहापासून लावला, तोवर खोली धुऊन होईल.

१८ मे
चर्चमध्ये फादर ॲश्लिनला संमती विचारत होते, तेव्हा माझ्या खिशात अलार्म वाजला. तापमान एकतीस. बंद, रिकामी खोली, एकतीसच असणार. अचूकतेबद्दल शंका उरली नाही.
मग पहिल्या बाकावर कॉस्मेचा वाजला. तो मागे वळून हळूच म्हणाला, "आता कोणाक सांगता तो? आत बारको पेडवो मासोसुद्धा नाय."
अलार्म गप्प कसा करायचा, ते मी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलंच नाही. वधूचा बाप मोबाइल घेऊन बाहेर जाईपर्यंत फादर थांबले.