नावाचा वरचा अर्थ

४ ऑगस्ट, सोमवार

नवी बॅच भरली. बारामतीत इंग्रजी बोलायला शिकवावं तर मीच — वहीत कशाला खोटं लिहू? आज 'पुल समवन्स लेग' घेतलं. वरचा अर्थ पाय ओढणं, आतला अर्थ थट्टा करणं. लासुर्ण्याचा शंभूराज काही केल्या पटवून घेईना. म्हणे आमच्यात पाय ओढला की माणूस थेट सोसायटीच्या इलेक्शनला पडतो! वर्ग हसून हसून लोळला. मीही.

५ ऑगस्ट

नेहमीचा खेळ घेतला. आपापल्या नावाचा वरचा अर्थ इंग्रजीत सांगायचा. पहिली मी. राजलक्ष्मी! काय ऐटीत सांगते मी दरवेळी. मग प्राची, मग शंभूराज. त्याच्या मागं शेळगावची नकोशी. चौथीही मुलगीच झाली, आता पुढचा तरी मुलगा व्हावा, म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. मी तिला गाळून पुढं गेले. मुद्दाम.

ती उभी राहिली. "मॅडम, माझं राहिलं. अनवाँटेड."

मी उगाचच फळा पुसायला लागले. फार लाज वाटली.

९ ऑगस्ट

डाळिंब परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीनं नकोशीला मुलाखतीला बोलावलंय, गुरुवारी. तिकडच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम. हे हुकलं तर दिवाळीनंतर लग्न उरकणार, घरच्यांनी बजावलंय. हुकतंय कसं! मी आहे ना!

तिला म्हटलं, आधी नाव बदल. गॅझेटला अर्ज टाक, तोवर तिथं निकिता सांग. ऐकते कुठली.

"दाखल्यावर हाय तेच सांगीन, मॅडम."

हट्टी पोरगी. मला राग आला, आणि रात्री जेवण गेलं नाही.

१२ ऑगस्ट

'कोल्ड फीट' घोटून घेतलं. वरचा अर्थ पाय गार पडणं, आतला ऐनवेळी अवसान गळणं. तिला काही झालेलं नाही. मलाच धाकधूक.

१४ ऑगस्ट, गुरुवार

झाली निवड! पेढे घेऊन एसटीनं थेट वर्गावर आली. साहेबांनी नावाचा अर्थ विचारलाच. हिनं न अडखळता इंग्रजीत सांगितला, आणि मला मराठीत.

"वरचा अर्थ, नको असलेली. आतला अर्थ, तरी आलेली."

इंग्रजी मी शिकवलं, छातीठोक सांगेन. पण हे वाक्य तिचं. मला जन्मात सुचलं नसतं. दोन पेढे खाल्ले आणि मोरीत जाऊन रडले.

१५ ऑगस्ट

राजलक्ष्मी हे नाव ह्यांनी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर मी नकोशी आहे. एकवीस वर्षांत आज पहिल्यांदा ते नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.