आंबेच्या बाटलीवरची रेघ

आत्याबाई, मेलेल्या सासूला पत्र लिहिणारी सून बघून तुम्ही आधी विचारलं असतं, "काय पायजे गं तुला?" काही नको. तुमच्या हरभऱ्याच्या आंबेवरून घरात भांडण पेटलंय, तेवढं सांगायचंय.

पौषात दिवस मावळताना तुम्ही हरभऱ्यावर धुतलेलं धोतर अंथरायच्या. पहाटे ते दवानं आणि पाल्याच्या आंबट खारानं ओलंचिंब झालेलं असायचं. तुम्ही ते पिळून आंब बाटलीत भरताय, भेगाळलेली बोटं चुरचुरतायत, आणि मी नवी सून शेजारी उभी आहे. हात पुढं केला तर म्हणता, "सर तिकडं, सांडशील." कुणाचं पोट फुगलं की पाण्यात चमचाभर आंब ठरलेली. बाटलीवर मात्र काजळाची रेघ. आंब रेघेखाली गेली की घरभर चौकशी, आणि पहिला संशय माझ्यावर.

आता तुमच्या लेकाला मुतखडा झालाय. धाराशिवच्या डॉक्टरांनी खाणंपिणं विचारलं, तर यांनी आंबेचं नाव कौतुकानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पोटाला आराम पडत असेल, पण पालकासारखं तिच्यातही ऑक्झॅलेट असतं. कुणाला काही होत नाही, कुणाच्या मूत्रपिंडात त्याचे खडे बनतात. तुम्ही बंद करा." डॉक्टरांवर माझा फारसा विश्वास नाही, आणि तुमच्यावर तर कधीच नव्हता. पण हे कळांनी गडाबडा लोळताना मी पाहिलेत. फार घाबरले होते मी. घरी आल्याबरोबर तुमची बाटली फडताळातून काढली.

हे म्हणाले, "डॉक्टरचं निमित्त हाय. आईची बाटली तुला पहिल्यापासून खुपत हुती. फेकलीस न्हवं?"

"व्हय, फेकली," म्हटलं मी. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. मी शेजारी गेले की बाटलीसाठी डबे हुडकतात, ते वाकडी बसलेली झाकणं बघूनच कळतं मला. आणि खुपत होती हे खरंच आहे. डॉक्टरांचं ऐकून पोटात भीती होती, तसा थोडा आनंदही होता.

पण फेकली नाही, आत्याबाई. तुमच्या हातची शेवटचीच ती. माझ्या साड्यांच्या पेटीत कुलपात आहे, किल्ली माझ्या कमरेला. काल माझं पोट फुगलं, म्हणून चमचाभर घेतली. थोड्या वेळानं बरं वाटलं, त्याचाही रागच आला, आणि तुमची आठवण येऊन रडू फुटलं. हे पत्र कुठं टाकणार, त्याच पेटीत राहील. बाटलीवरची तुमची रेघ पुसून मी काजळाची नवी ओढलीय, बरोबर चमचाभर खाली.